आडनावाचं झालं क्रियापद

एस.वाय.ला असतानाची गोष्ट. जर्नल सबमिशनची तारीख कॉलेजने अचानक दहा दिवस अलीकडे आणली आणि आमच्या वर्गाने मास बंक करायचं ठरवलं. सगळे कट्ट्यावर, वर्ग रिकामा. म्हणजे जवळजवळ रिकामा, कारण एक जण आत जाऊन बसला. सरांनी त्याची हजेरी घेतली, त्याला एकट्याला पाऊण तास शिकवलं आणि बाकी सगळ्यांची गैरहजेरी मांडून ते निघून गेले. संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'उद्यापासून ह्याला बॉयकॉट.' खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात एक अंगठा माझाही होता.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी तो मेसेजमधला शब्द बघू. तुम्हीही तो रोज कुठे ना कुठे वाचताच. अमुक सिनेमा बॉयकॉट करा, तमुक देशाचा माल बॉयकॉट करा, परीक्षा बॉयकॉट, निवडणूक बॉयकॉट. आधी हॅशटॅग आणि मग हा शब्द, हे आता इतकं सवयीचं झालंय की तो कुठून आला हे विचारावंसंही वाटत नाही.

शब्द फोडून बघितला तर 'बॉय' आणि 'कॉट'. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना दोन्ही ओळखीचे, पण अर्थाशी दोन्हींचा काडीचा संबंध नाही. क्रिकेटवेड्यांना इंग्लंडचा जेफ्री बॉयकॉट आठवेल. तो दिवस दिवस खेळपट्टीवर उभा राहून गोलंदाजांचा अंत पाहायचा. पण त्याचाही इथे संबंध नाही. संबंध आहे तो त्याच आडनावाच्या, त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेल्या एका माणसाशी. त्याच्याशी लोकांनी बोलणं सोडलं आणि जगाला एक क्रियापद मिळालं.

मेयोतला कॅप्टन

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. जन्म १८३२, इंग्लंडमधल्या नॉरफकचा. तरुणपणी काही वर्षं सैन्यात काढली आणि पुढे आयर्लंडला जाऊन शेती करू लागला. लोक त्याला 'कॅप्टन' म्हणत. मेयो परगण्यात लॉख मास्क नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या काठावर लॉर्ड अर्न या जमीनदाराची इस्टेट होती. बॉयकॉट तिथे स्वतः शेती करायचा आणि शिवाय लॉर्डसाहेबांचा कारभारी म्हणून कुळांकडून खंड वसूल करायचा.

तेव्हाचं आयर्लंड ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. जमीन मूठभर जमीनदारांची आणि कसणारी कुळं. खंड थकला की घरातून आणि शेतातून हकालपट्टी. १८४५ नंतरच्या भयंकर दुष्काळात लाखो माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली होती, त्या आठवणी ताज्या होत्या. अशात १८७९ मध्ये पुन्हा पिकं बुडाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुळांच्या हक्कांसाठी 'लँड लीग' ही संघटना उभी राहिली. चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल तिचे अध्यक्ष.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस या गावी पार्नेल यांची सभा झाली. त्यांनी लोकांना विचारलं, शेजाऱ्याला हाकलून रिकामी केलेली जमीन जो माणूस घेईल त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, मारून टाकायचं! पार्नेल म्हणाले की त्याहून चांगला मार्ग आहे. रस्त्यात भेटला तर त्याच्याकडे पाहू नका, दुकानात भेटला तरी नाही, बाजारात नाही, प्रार्थनेच्या जागीही नाही. त्याला पूर्ण एकटं पाडा, म्हणजे आपण काय केलंय ते त्याला कळेल.

नंतर तीनच दिवसांनी या कल्पनेची परीक्षा झाली. लॉर्ड अर्न यांच्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली होती. लॉर्ड १० टक्क्यांच्या पुढे सरकायला तयार नव्हते. २२ सप्टेंबरला बॉयकॉटने पोलिसांच्या बंदोबस्तात हकालपट्टीच्या नोटिसा वाटायला माणूस पाठवला. काही घरं झाल्यावर गावातल्या बायका चिखल, शेण आणि दगड घेऊन बाहेर आल्या आणि नोटिसवाल्याने पळ काढला.

मग सुरू झाला अबोला. बॉयकॉटच्या शेतावरचे मजूर निघून गेले. घरातले नोकर गेले. लोहार घोड्याला नाल ठोकेना, धोबीण कपडे नेईना, दुकानदार सामान देईना. टपाल पोचवणाऱ्या पोऱ्यालाही ते काम बंद करायला लावलं गेलं. शेतात पीक उभं आणि कापायला माणूस नाही. हे सगळं अगदी साधूसारखं शांतपणे झालं असं नाही. धमक्या दिल्या गेल्या, कुंपणं मोडली गेली. पण कुणी त्याचा जीव घेतला नाही.

वैतागून बॉयकॉटने ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. नोव्हेंबरमध्ये कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतून ५० स्वयंसेवक त्याचं पीक काढायला आले. त्यांच्या रक्षणाला सैनिक आणि पोलीस मिळून हजाराच्या आसपास माणसं. भर पावसात तंबू ठोकून पंधरा दिवस बटाटे आणि सलगम उपटण्याचं काम चाललं. काढलेल्या पिकाची किंमत साधारण ५०० पौंड आणि त्यापायी झालेला खर्च १०,००० पौंडांच्या घरात! पार्नेल यांनी टोमणा मारला की एकेक सलगम सरकारला एकेका शिलिंगला पडला.

पीक निघालं, पण बॉयकॉट तिथे टिकू शकला नाही. कुटुंबासह निघायची वेळ आली तेव्हा त्याची गाडी हाकायलाही कुणी तयार होईना. शेवटी लष्कराच्या रुग्णवाहिकेतून त्याला स्टेशन गाठावं लागलं. १ डिसेंबर १८८० रोजी तो बोटीने इंग्लंडला गेला.

जेवणाच्या टेबलावरचा शब्द

आता शब्दाची गोष्ट. मेयोमध्ये जेम्स रेडपाथ नावाचा एक अमेरिकन पत्रकार बातम्या पाठवत होता. त्याच भागात फादर जॉन ओमॅली हे कुळांच्या बाजूने उभे राहिलेले धर्मगुरू होते. रेडपाथने पुढे लिहून ठेवलेली हकिगत अशी की दोघं जेवायला बसले होते आणि रेडपाथचं जेवणात लक्ष नव्हतं. काय झालं, असं फादरनी विचारलं. तो म्हणाला, एक शब्द अडलाय. लोक कारभाऱ्याला असं एकटं पाडतात, याला म्हणायचं काय? इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइज' असा शब्द आहे, पण तो काही जमत नाही. फादर म्हणाले, खरंय, आमच्या शेतकऱ्यांना तो कळायचाच नाही. मग कपाळावर बोटं आपटत ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, 'त्याला बॉयकॉट करणे' असंच म्हटलं तर?

झालं. ऑक्टोबरमध्ये रेडपाथने तो शब्द अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात वापरला. नोव्हेंबरमध्ये तो लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दिसू लागला. सुरुवातीला माणसाचं नाव म्हणून पहिलं अक्षर मोठं लिहिलं जायचं, पुढे तेही लहान झालं आणि आडनावाचं साधं क्रियापद झालं. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन असं करत करत तो जपानीतही 'बोइकोत्तो' होऊन पोचला. इंग्रजीला ही सवय आहेच. लुई पाश्चर यांच्यावरून दूध 'पाश्चराइज' करतात आणि व्हिएन्नात शिकलेल्या मेस्मर नावाच्या डॉक्टरवरून लोक 'मेस्मराइज' होतात. पण या दोघांची नावं त्यांनी जे केलं त्यावरून शब्दकोशात गेली. बॉयकॉटचं नाव गेलं ते लोकांनी त्याच्याशी जे केलं त्यामुळे.

रेडपाथला न आवडलेला तो जुना शब्द मात्र आपल्याला फार जवळचा आहे. 'ऑस्ट्रसाइज'च्या मुळाशी ग्रीक 'ऑस्ट्राकॉन' आहे, म्हणजे चक्क खापर. प्राचीन अथेन्समध्ये एखादा पुढारी डोईजड वाटू लागला की नागरिक खापराच्या तुकड्यावर त्याचं नाव खरवडून मत देत. अशी ६,००० मतं जमली की ज्याचं नाव सर्वांत जास्त त्याला दहा वर्षं शहराबाहेर राहावं लागे. त्याची मालमत्ता जप्त होत नसे आणि मुदत संपली की परतही येता येई.

आणि आता आळंदी आठवा. संन्याशाची मुलं म्हणून ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना गावाने दूर ठेवलेलं. मुक्ताईला मांडे करायचे होते, त्यासाठी खापर हवं होतं आणि विसोबाने कुंभारांना बजावलं की हिला खापर द्यायचं नाही. पुढे ज्ञानेश्वरांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवा. खाली काय उरतं? एका लहान मुलीला कुंभाराच्या दारातून रिकाम्या हाताने परत यावं लागलं. अथेन्सने खापर वापरून बलवान पुढाऱ्याला बाहेर काढलं आणि आळंदीने एका पोरक्या मुलीला खापर नाकारलं. बॉयकॉट या शब्दात ही दोन्ही चित्रं एकत्र राहतात. गोंधळ तिथेच सुरू होतो.

नाव नव्हतं तेव्हाची गोष्ट

बॉयकॉटने शब्द दिला, पण ही रीत काही त्याच्यापासून सुरू झालेली नाही. मेयोतल्या घटनेच्या जवळजवळ सहा वर्षं आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, आपल्या पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या करडे गावात अगदी हेच झालं होतं. कापसाचे भाव कोसळलेले, सारा वाढलेला आणि शेतकरी सावकारांच्या वह्यांमध्ये अडकलेला. काळूराम नावाच्या एका सावकाराने १५० रुपयांच्या कर्जापायी एका देशमुखाविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्याला घराबाहेर काढायला निघाला. तेव्हा गाव एक झालं.

सावकारांच्या दुकानातून कुणी काही घ्यायचं नाही, त्यांची शेतं कुणी कसायची नाहीत. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार अशा सगळ्या बलुतेदारांनी त्यांची कामं बंद केली. घरगडी निघून गेले. कंटाळून सावकार तालुक्याच्या गावी जायला निघाले तर त्यांची बैलगाडी हाकायला कुणी मिळेना! मेयोतल्या रुग्णवाहिकेची आठवण आली ना? हे लोण आसपासच्या गावांत पसरलं. पुढे मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात दंगल पेटली आणि कर्जाचे रोखे जाळले गेले. इतिहासाच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' हा धडा तुम्ही वाचला असेल. त्या दंग्यांच्या आधीचा हा शांत भाग बहुतेकदा दोन ओळींत उरकलेला असतो. शिरूरच्या शेतकऱ्यांजवळ ओमॅली-रेडपाथ नव्हते, नाहीतर हे क्रियापद 'काळूराम करणे' असं झालं असतं.

वापरायचा कसा?

आता थोडं व्याकरण, कारण मुलाखतीत आणि पेपरात घोटाळा इथेच होतो. मराठीत आपण एखाद्या गोष्टी'वर' बहिष्कार घालतो, म्हणून इंग्रजी लिहिताना हात आपोआप 'बॉयकॉट ऑन' किंवा 'बॉयकॉट अगेन्स्ट' असं लिहून जातो. क्रियापद म्हणून वापरताना मध्ये काहीही लागत नाही. 'दे बॉयकॉटेड द मीटिंग', संपलं. तोच शब्द नाम म्हणूनही चालतो, तेव्हा मात्र 'अ बॉयकॉट ऑफ द मीटिंग' असा 'ऑफ' येतो. स्पेलिंगमध्ये शेवटी दोन टी आहेत, हे आडनाव असल्यामुळे. एक टी खाल्लात तर कॅप्टनसाहेबांचं आडनाव चुकलं समजा.

अर्थाच्या बाबतीत शेजारचे शब्द वेगळे ठेवायला हवेत. 'बॅन' म्हणजे बंदी. ती सत्तेवर बसलेला घालतो. सरकारने पुस्तकावर घातली ती बंदी आणि वाचकांनी मिळून ठरवलं की हे पुस्तक घ्यायचं नाही, तर तो बॉयकॉट. बंदीत तुमच्यापुढे पर्यायच नसतो. बॉयकॉटमध्ये पर्याय असतो आणि तो तुम्ही मुद्दाम नाकारता. 'स्ट्राइक'मध्ये आपलं काम थांबवतो, बॉयकॉटमध्ये समोरच्याशी असलेला व्यवहार. 'इग्नोर' करायला कारण किंवा सोबत लागत नाही. 'घोस्ट' करताना कारण सांगतच नाही. आणि 'बंक'? पाऊस पडतोय, नवीन पिक्चर लागलाय म्हणून लेक्चरला दांडी मारली तर तो बंक. सबमिशनची तारीख बदलली याचा निषेध म्हणून, सगळ्यांनी ठरवून आणि तसं कळवून लेक्चर सोडलं, तर तो बॉयकॉट. बॉयकॉटला तीन गोष्टी लागतात. तक्रार लागते, अनेकांची साथ लागते आणि काय बदललं की हे थांबेल याचं उत्तर लागतं. मेयोतल्या कुळांकडे ते उत्तर होतं, २५ टक्के सूट.

इथे एक गंमत सांगायला हवी. इंग्रजीत वस्तू असो, सभा असो की माणूस असो, क्रियापद एकच. मराठीत मात्र आपण फरक करतो. वस्तूवर किंवा सभेवर आपण 'बहिष्कार घालतो'. माणसाला आपण 'वाळीत टाकतो'. जुन्या मराठीत वाळणं म्हणजे वगळणं, जातीबाहेर काढणं. 'परदेशी कापडावर बहिष्कार घातला' हे वाक्य ऐकून पाठ ताठ होते. 'त्या घराला वाळीत टाकलं' हे ऐकलं की पोटात गोळा येतो. म्हणजे भाषेला हा फरक आधीच कळला होता. आपण दोन्हीकडे 'बॉयकॉट करूया' म्हणायला लागलो आणि तो पुसला गेला.

एक शब्द, दोन दिशा

आधी अभिमानाची दिशा. बंगालच्या फाळणीविरुद्ध ७ ऑगस्ट १९०५ रोजी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये ब्रिटिश मालावरच्या बहिष्काराचा ठराव झाला. लोकमान्य टिळकांनी ती चळवळ महाराष्ट्रात आणली. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री आपण शाळेत पाठ केली, त्यातला हा बहिष्कार. त्याच वर्षी पुण्यात विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने परदेशी कापडाची होळी झाली. फर्ग्युसनमध्ये शिकणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांना त्यापायी दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं. पन्नास वर्षांनी अमेरिकेत माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. तारीख १ डिसेंबर १९५५. बॉयकॉटने आयर्लंड सोडलं त्याला त्या दिवशी बरोबर ७५ वर्षं झाली होती. नंतर तिथल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसचा बॉयकॉट केला. लोक मैलोन्‌मैल चालत कामाला गेले, पण बसमध्ये चढले नाहीत. शेवटी कोर्टाच्या निकालाने बसमधली वेगवेगळी आसनव्यवस्था बंद झाली. या सगळ्यांत समोर सरकार होतं, कंपनी होती, जमीनदार होता. बॉयकॉट करणाऱ्यांकडे पैसा नव्हता, सत्ता नव्हती. होता तो फक्त नकार.

आता दुसरी दिशा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिलला, त्यांचं पाक्षिक सुरू झालं. नाव होतं 'बहिष्कृत भारत'. त्याआधी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचं नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार हे आपण करायचं कृत्य आहे. बाबासाहेबांच्या पाक्षिकाच्या नावात तो पिढ्यान्‌पिढ्या सोसलेला आहे. शब्द एकच आणि दोन दशकांच्या अंतराने एकाच महाराष्ट्रात दोन टोकांना उभा.

१९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करायला नेमलेल्या समितीत आंबेडकर सदस्य होते. स्टार्ट समिती या नावाने ती ओळखली जाते. दलितांनी हक्क मागितला की गाव त्यांच्यावर सामाजिक बहिष्कार टाकतं आणि हे हत्यार उघड मारहाणीपेक्षाही परिणामकारक ठरतं, असं त्या समितीने नोंदवलं. जरा विचार करा. दुकानदार सामान देत नाही, शेतावर काम मिळत नाही, वाट बंद. ही यादी मेयोचीच आहे. पण मेयोत ती एका कारभाऱ्यावर चालवली होती, ज्याच्या मदतीला हजार सैनिक आणि पोलीस येऊ शकले. इथे ती अशा माणसांवर चालवली जात होती, ज्यांच्याकडे उद्याचं पीठही नव्हतं. म्हणूनच १९४७ मध्ये राज्यघटनेसाठी केलेल्या आपल्या मसुद्यात बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, असं कलम सुचवलं होतं.

हे जुनं झालं असं म्हणू नका. जातीबाहेर लग्न केलं म्हणून, पंचांचा दंड भरला नाही म्हणून कुटुंबं वाळीत टाकल्याच्या बातम्या अलीकडेपर्यंत येत राहिल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध हा विषय लावून धरला आणि २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. जुलै २०१७ पासून तो लागू झाला. लग्नाला किंवा अंत्यविधीला येण्यापासून रोखणं, समाजमंदिर वापरू न देणं, एखाद्याशी संबंध तोडायला इतरांना भाग पाडणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अंगठा दाबायच्या आधी

आता आमच्या वर्गातल्या त्या मुलाकडे येऊ. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बाकावर कुणी बसेना. प्रॅक्टिकलचा त्याचा पार्टनर बदलून गेला. नोट्स मागितल्या तर 'माझ्याकडे पण नाहीत' असं उत्तर यायचं. कॅन्टीनमध्ये तो आला की टेबलावरचं बोलणं थांबायचं. त्याने ग्रुपवर एकदा काहीतरी लिहिलं, आठ-दहा ओळी असतील. कुणीतरी त्यावर एक स्टिकर टाकला आणि संभाषण पुढे गेलं. त्या ओळी मी नीट वाचल्याही नव्हत्या. दोनेक आठवड्यांनी त्याने ग्रुप सोडला.

त्या सत्रात तो सोयाबीनच्या काढणीसाठी तीन आठवडे गावी होता. मजूर मिळत नव्हते आणि वडिलांची कंबर धरली होती. स्कॉलरशिपच्या फॉर्मला ७५ टक्के हजेरीचा दाखला लागायचा आणि त्याचे दोन-तीन तास कमी पडत होते. हे मला वर्ष संपताना कळलं, स्कॉलरशिपच्या खिडकीपाशी रांगेत उभी असताना, तेही दुसऱ्याच कुणाकडून. ग्रुपवरच्या त्या आठ-दहा ओळींत त्याने हेच लिहिलं होतं.

सबमिशनची तारीख मात्र आठवड्याभरात परत पुढे ढकलली गेली. म्हणजे आमचा बॉयकॉट यशस्वी झाला होता आणि ज्या दिवशी तो यशस्वी झाला त्या दिवशी तो संपलाही होता. त्या मुलावरचा आमचा बहिष्कार मात्र चालूच राहिला, कारण तो कधी थांबवायचा हे आम्ही ठरवलंच नव्हतं. त्याने काय केलं की आम्ही बोलणार होतो? माफी मागायची? वेळ तर मागे नेता येत नव्हती. त्याच्याकडून आम्हाला काहीच नको होतं. आम्हाला फक्त तो बाहेर हवा होता. लेक्चरवर आम्ही बहिष्कार घातला होता आणि त्याला वाळीत टाकलं होतं. ग्रुपवर दोन्हींसाठी शब्द मात्र एकच होता.

खुद्द कॅप्टन बॉयकॉटची गोष्ट तर याहून बरी संपली. १८८१ मध्ये तो मेयोला परत आला. आधी लोकांच्या नजरा कडवट होत्या, पण हळूहळू राग निवळला आणि आणखी चारेक वर्षं तो तिथेच राहिला. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं निधन झालं. त्याच्या शेजाऱ्यांनी त्याच्याशी पुन्हा व्यवहार सुरू केले.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर हा शब्द आला की अंगठा दाबायच्या आधी तो मनातल्या मनात मराठीत करून बघा. 'बहिष्कार घालूया' असं होतंय की 'वाळीत टाकूया'? समोर कंपनी आहे, कॉलेज आहे, की आपल्याच वर्गातला एक जण? आपल्याला नेमकं काय बदलून हवंय, आणि ते बदललं की आपण थांबणार आहोत का? आणि ज्याच्याविषयी हे चाललंय त्याने काही लिहिलं असेल, तर आधी ते वर स्क्रोल करून पूर्ण वाचा. आठ-दहाच ओळी असतात.